दिव्याचा ड्रायव्हर गेला

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तरी वाकलो असं समज.) तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला अजून मुक्कामालाच आहे का? आम्ही सगळे मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

खरं म्हणजे घरात माझ्या शिलाई मशीनवर पाणी सोडायचं घाटत होतं. चिरंजीवांनी गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलं होतं. का, तर बाबांना आता दिसत नाही. (एका कोटाला मी दोन्ही डाव्या बाह्या लावल्या, एवढ्यावरून.) मी ठणकावून सांगितलं, दोष डोळ्यांचा नाही, दिव्याचा आहे. मशीनवरची एलईडी पट्टी आधी लुकलुकायला लागली आणि मग विझलीच होती. रविवारी तिच्या उजेडात सगळ्यांसमोर सुई ओवून दाखवतो, नाही जमलं तर खुशाल मशीन विका, असं म्हणून पट्टी काखोटीला मारली आणि दुरुस्तीवाल्याकडे गेलो.

त्याने ती तपासली आणि म्हणाला, "पट्टी ठणठणीत आहे काका, ड्रायव्हर गेलाय."

आता माणूस गेला म्हटल्यावर काय बोलायचं? मी हळहळलो. वय काय होतं, विचारलं. वर्षभरही टिकला नाही म्हणे. कशाने गेला, तर उष्णतेने. दुसरा लगेच बसवून देतो, असंही तो म्हणाला, पण ही घाई मला बरी दिसेना. घरच्यांना सांभाळा, असं सांगून पट्टी तशीच घेऊन परत आलो.

चिरंजीव हसून हसून खाली बसले. मग त्यांनी समजावलं. ड्रायव्हर म्हणजे पट्टीमागची डबी. घरातली वीज जोरकस आणि सारखी दिशा बदलणारी, एलईडीला मात्र ती बेताची आणि एकाच दिशेने लागते. तो बंदोबस्त ही डबी करते. एलईडीच्या आत तापणारी तार नसतेच. दाण्याएवढ्या तुकड्यात दोन थर असतात, एकात इलेक्ट्रॉन जास्तीचे, दुसऱ्यात जागा रिकाम्या. विजेच्या रेट्याने इलेक्ट्रॉन त्या जागांवर जाऊन बसले की त्यांची उरलेली शक्ती उजेड होऊन बाहेर पडते. (आपले पाहुणे खुर्चीत बसताना नुसतं हुश्श करतात.)

नवी डबी आणून मीच बसवली, कारण आता प्रश्न इभ्रतीचा होता. अंधार. दोरा कुठल्याही टोकाने ओवता येतो, तशा मी तारा जोडल्या होत्या. पण एलईडीला कापडासारखी सुलट बाजू असते. लाल-काळ्या तारांची अदलाबदल केली आणि खोली लख्ख झाली.

रविवारी सगळे मशीनभोवती जमले. दोरा सुईत गेला. चिरंजीवांनी गिऱ्हाईकाला नको म्हणून कळवलं. मशीन जागेवर आहे आणि मीही.

तुझा हट्टी भाऊ

ता. क. भाऊजींच्या पँटची उंची कळव.

आणखी एक ता. क. सुई मी ओवली नाही. इतक्या उजेडातही मला तिचं नेढं सापडेना. तुझी भावजय, "वाकलीय का बघू," म्हणत पुढे झाली, सुई घेतली आणि ओवून परत माझ्या हातात दिली. चिरंजीवांच्या लक्षात आलं नाही. तिने त्यावर अजून एक शब्द काढलेला नाही, मलाही धीर झालेला नाही. पण मशीन मी सोडणार नाही. तेव्हा तुझ्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे माझं नाव लावून ठेव. इथे मी सांगितलंय की ताईला पडदे शिवून हवे आहेत, म्हणून तिच्याकडे जाऊन येतो. कुणी विचारलंच, तर तुला पडदे हवे आहेत. रंग तू ठरव.