डबड्यातली हलगी

१२ मे २०१४, सोमवार

करंट सकाळपासून येतो-जातो. प्रज्ञाचं डबडं, ते वाजवायचं मशीन, तापलं. तापलं की सूर सोडतं म्हणे. नातीचं तोंडही तसंच. माझ्या खोलीतला कूलर उचलून डबड्यासमोर नेऊन ठेवला. म्हटलं, म्हातारी शिजली तरी चालेल, डबडं शिजू नये. "आज्जी, ते ॲनालॉग आहे." मग मी कोण आहे?

पहिला अल्बम आहे बाईंचा. नाचायची गाणी, शब्द एकही नाही. सगळं जुन्या मशिनींवर, कॉम्प्युटर नक्को. सात झाली. आठवं अडलंय.

१४ मे, बुधवार. बुद्धपौर्णिमा

विहारात जाऊन आले. खीर तळाला लागली होती. सगळे गुमान खात होते, मी बोलले.

घरी आले तर आतून हलगी.

चपला पायातच राहिल्या. डबडंच वाजत होतं. त्याला ओळीनं कान आहेत, नॉब म्हणते ती. ते पिळून पिळून तिनं हलगी काढली त्यातून. मला बघून म्हणते, "ओळखलं का?" ओळखलं. पण आवाज बद्द, पावसात भिजल्यासारखा. तोंडातून निघून गेलं, "शेकली नाहीस." बोलले आणि फसले. शेकायची म्हणजे काय, कशी? सोडते का ती. सांगितलं, जाळावर धरतात, कातडं ताणतं, आवाज टणक होतो. तिनं दोन कान जरा जरा पिळले.

आली. माझ्या बापाची आली.

भांडी घासायला उठून गेले. भांडी घासलेलीच होती.

१५ मे, गुरुवार

मिलिंद ऑफिसातून आला तो तोंड पाडूनच. "आई, विहारातली माणसं काय म्हणतील? जे टाकलं तेच घरात वाजतंय." हे मला सांगतो. पोटच्या पोरीसमोर जीभ टाळूला चिकटते याची. म्हटलं, पोर तुझी, बोल तू. टीव्ही लावून बसला.

१८ मे, रविवार

प्र. विचारते, "टाकलं म्हणजे काय? पप्पा काय बोलत होते?" तिला कधी सांगितलंच नव्हतं कुणी. सांगितलं.

दीक्षा घेतली त्याच हिवाळ्यात पाटलाकडं लग्न निघालं. वरातीला हलगी पाहिजे म्हणून माणूस बोलवायला आला. बाप म्हणाला, आता वाजवणार नाही. ते म्हणाले, बघू कसा वाजवत नाहीस. पाणी बंद, काम बंद. बापानं हलगी चुलीत घातली. कडं लाकडाचं, लवकर पेटेना. आईनं त्याच जाळावर भाकरी टाकल्या. खाल्ल्या आणि निघालो, हैदराबादेत आलो. नुकतीच राज्यं तोडली होती. गाव मुंबईकडं गेलं, आम्ही आंध्रात. पुढं मरेपर्यंत बापानं ताटावर बोटसुद्धा वाजवलं नाही.

प्र. म्हणते, "मग तर ती पाहिजेच, आज्जी."

मूर्ख.

२३ मे, शुक्रवार

दोघी नारायणगुड्याला गेलो, माझ्या गोळ्या आणायला. आंध्र तुटून नवं राज्य व्हायला अजून वेळ आहे, पण सडकेवर आत्तापासून डप्पू. पोरं छाती काढून वाजवतात. प्र. म्हणते, "बघ किती ताठ आहेत. आपली हलगी तीच, यांचा डप्पू तोच." म्हटलं, त्यांनी टाकली नव्हती. आपल्याला उचलायला वाकावं लागेल.

ऑटोत विचारलं, तुझ्या गाण्यावर नाचणार कोण?

"क्लबात येतात ते."

वाजवणार आपण, नाचणार ते. यात नवीन काय केलंस?

"तिकीट काढून येतात, आज्जी."

पाटलानंही पायली दिली असती.

तारनाक्यापर्यंत बोलली नाही. बरं वाटलं. जिना चढताना नाही वाटलं.

२८ मे, बुधवार

तेजा आला होता. प्र.बरोबर वाजवणारा, दाढीवाला, मला आज्जीऐवजी अव्वा म्हणतो आणि ताटात काही टाकत नाही, म्हणून चालतो. नामपल्लीतल्या कुणाचं तरी टेपचं मशीन मिळालंय. रविवारी आणायचं, सोमवारी संध्याकाळी परत. आठवं गाणं, हे हलगीचं, तेवढ्यातच करायचं. नाही झालं तर बंगळूरची रेकॉर्ड कंपनी तबकडी काढणार नाही, सातही गेली.

प्र. माझ्यासमोर त्याला म्हणाली, "आज्जी नको म्हणाली तर नाही करायचं."

हे नको होतं मला. भांडली असती तर सोपं होतं.

३१ मे, शनिवार

प्र. मशीन बघायला नामपल्लीला गेली. मिलिंद ऑफिसात. घरात मी आणि डबडं.

याला काही आठवत नाही. कान जिथं असतील तोच आवाज. हलले की गेला, पुन्हा तसाच येईल याचा नेम नाही. जाताना "पुसताना जरा सांभाळून" एवढंच म्हणाली. मुद्दाम म्हणाली.

फडकं घेऊन बसले. एखादा कान हलला असता तर कोण काय म्हणणार होतं? म्हातारी आहे, दिसत नाही, हात कापतो...

बटण दाबलं. वाजायला लागलं. चाल बापाची नाही, पोरीची. हात मात्र बापाचा. बापाला पाटलानं बोट वर केलं की सुरू करावं लागे, खाली केलं की बंद.

मी बटण दाबलं, थांबलं. दाबलं, सुरू. दाबलं, थांबलं.

फडकं कोरडंच होतं. तरी धुऊन वाळत घातलं.

१ जून, रविवार

टेपमशीन म्हणजे लोखंडी ट्रंक. तेजा घामानं भिजला. मिलिंदला नेमकं आज विहारात काम निघालं.

म्हटलं, वाजव. पण भर नाचात थांबायचं.

"ते असतंच आज्जी. ब्रेक म्हणतात त्याला." किती थांबतात ते वाजवून दाखवलं.

एवढ्यात तर शिंकसुद्धा होत नाही. लांब पाहिजे. हात वरच्या वर राहिले पाहिजेत त्यांचे. एकमेकांची तोंडं बघितली पाहिजेत. वाटलं पाहिजे, हा आता वाजवत नाही.

तेजा म्हणतो, "अव्वा, लोगां चले जाते."

जाऊ देत. आम्हीपण गेलो होतो.

प्र. हसली नाही. टेप लावली, डबडं सुरू केलं. खिडकीची तावदानं थरथरायला लागली. मग तिनं बोट ठेवलं आणि हलगी तुटली. टेप फिरतेय, नुसती सळसळ. तेजाचा पाय अधांतरी. प्र.चं बोट बटणावर, नजर माझ्यावर. सुरू करू?

मी मान हलवली नाही. हो म्हणून नाही, नाही म्हणूनही नाही.

शेवटी तिनंच टेप बंद केली.

२ जून, सोमवार

राज्य झालं. माझ्या डोळ्यांदेखत राज्य तुटायची ही दुसरी खेप. या खेपेला गाठोडं बांधायचं नाही, एवढंच.

खाली सकाळपासून डप्पू, थांबायचं नाव नाही. मिलिंद चहा पीत होता. "काय ठरवलंस, आई?" त्याचं बोट कपावर वाजत होतं, खालच्या डप्पूबरोबर. त्याला माहीत नव्हतं. मी दाखवलं नाही.

टेपमशीन संध्याकाळी जाणार. थांबण्यापर्यंतचं झालंय. पुढं वाजवायचं की गाणं तिथंच सोडायचं, तेजा म्हणतो अव्वा सांगेल. प्र. टेप लावून बसलीय. कूलर डबड्यासमोर लावलाय. कान जागच्या जागी आहेत, आत्ताच बघून आले.

आधी भाकरी टाकते.