बाबांनी बुजवलेल्या भेगा

प्रिय शिगेकी,

यंदा मुळ्याचं लोणचं पाठवलं नाही म्हणून रुसू नकोस. बरणी भूकंपात फुटली, आणि या तात्पुरत्या वसाहतीतल्या खोलीत नवा मुळा वाळत टांगायला जागा नाही. भिंती इतक्या पातळ की पलीकडची म्हातारी शिंकली तरी मीच "जपा हो" म्हणते. आपलं घर इथून जवळच आहे. रोज जाते, बाहेरून बघते आणि परत येते. मला ते डोंगराकडे कलल्यासारखं वाटतं, आत पाऊल टाकायचा धीर होत नाही.

नुसत्या आगीच्या विम्यात भूकंपाची दमडी मिळत नाही, म्हणून भूकंपाचा विमा जोडून घ्या असा हट्ट तूच धरला होतास. नंतर फोनवर ओरडून सांगितलंस, फोटो काढा, कशाला हात लावू नका. मी बाबांना तसंच सांगितलं. पण जन्मभर लोकांच्या भिंतींना गिलावा करणारा माणूस तो! म्हणाले, "परका माणूस घरात येणार, आणि उस्तादाच्याच भिंतीला भेगा? गाव हसेल." झाकली मूठ सव्वा लाखाची! ऐन थंडीत माती आणि चुना कालवला. ओला गिलावा गोठू नये म्हणून स्टोव्ह भिंतीला दिला आणि स्वतः कुडकुडत बसले. घराच्या पायाला पडलेली भेगसुद्धा अशी बुजवली की मलाच सापडेना. मी करवादले, "अहो, जखम लपवून डॉक्टरकडे जातं का कुणी?" तर म्हणतात, "किनुए, चहाचे चांगले पेले काढ."

विमा कंपनीचा तपासनीस पोरसवदा होता, पण वळणाचा. फुटक्या भांड्यांकडे त्याने बघितलंही नाही. पाया, खांब, भिंती आणि छप्पर, एवढंच बघतात म्हणे, आणि त्यावरून नुकसानाची पायरी ठरवतात. आपल्याला सगळ्यात खालची मिळाली, 'थोडं नुकसान'. विम्याच्या रकमेतले शंभरातले पाच. जाताना त्याने भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "काय सुरेख काम आहे हो!" तुझे बाबा नव्या नवरीसारखे लाजले. त्याच आठवड्यात त्यांना खोकला लागला, तो छातीत उतरला, आणि मग हॉस्पिटल.

तुझं आणि बाबांचं फोनवरचं शेवटचं भांडण मी शेजारी बसून ऐकलं. "तुम्हाला माणसांपेक्षा गिलावा प्यारा," असं म्हणून तू फोन आपटलास. बोललास ते खरंच होतं, तरी मला तुझा भयंकर राग आला. अंत्यविधीला आलास, उदबत्ती लावलीस, आणि घराकडे न फिरकता ओसाकाची गाडी धरलीस. तुझ्याशी दोन शब्द बोलायचे होते, ते राहून गेले.

मी पुन्हा तपासणी मागितली आहे. कंपनीचं म्हणणं, गिलावा काढा आणि खालच्या भेगा दाखवा. पायरी वाढली तर दोन खोल्या बांधता येतील. नाही वाढली तर ही वसाहत उठेल तेव्हा मी कुठे जाऊ, ते मला माहीत नाही. गिलावा काढायला ओबाताला बोलावलं. बाबांच्या हाताखाली वाढलेला एवढा दांडगा माणूस, हातोडा घेऊन आत गेला आणि डोळे पुसत बाहेर आला. "काकू, उस्तादांचं शेवटचं काम आहे. दुसरं काहीही सांगा." दुसऱ्यांनीही तेच सांगितलं. गावातले सगळे गिलावेवाले त्यांचेच चेले, आता बोल कुणाला लावू?

म्हणून हे लिहायला बसले. हॉस्पिटलात अगदी शेवटी त्यांनी तोंडावरचा मास्क बाजूला सारला आणि तुझं नाव घेतलं. मला वाटलं, आता शिव्या घालणार. म्हणाले, "भिंत फोडावीच लागेल. ती शिगेकीच फोडेल, दुसरं कुणी हात लावणार नाही. त्याला सांग, वरून खाली उतरत ये. खालून सुरुवात केलीस तर सगळी अंगावर येईल." एवढं बोलून दमले. तपासनीस पुढच्या शुक्रवारी येतोय, त्याआधी ये. त्यांचा हातोडा मी पुसून ठेवलाय. आणि बाळा, वरूनच सुरू कर.

वाट बघणारी, तुझीच
आई