दिशाच्या टेन्शनचा आलेख

१२ फेब्रुवारी १९९६, सकाळी ६.१०
दिशाची बारावी सतरा दिवसांवर. पोरगी धड जेवत नाही, बोलत नाही. कॉलेजचे सर म्हणाले, टेन्शन आहे. किती, ते सांगता येईना. सायन्स शिकवतात आणि आकडा नाही. मी सातवी पास, पण मोटर रिवाइंडिंग स्वतःचं स्वतः शिकलो. अँपिअर बघितल्याशिवाय मोटरीला हात लावत नाही. आजपासून दिशाची नाडी दर तासाला मोजणार. आलेख काढणार.

१३ फेब्रुवारी
सहाला ८८. सातला ९४. आठला दार आतून बंद. खिडकीतून हात बाहेर काढायला लावला. १०२. रोग वेळेत सापडला.

१५ फेब्रुवारी
टाइमटेबल भिंतीला लावले. ५.०० ते ५.१२ आनंदी राहणे. ५.१३ ला तपासणी. दिशा म्हणाली, आप्पा, मला नुसतं वाचू द्या. का, विचारले तर रडली. रडण्याला रकाना नव्हता. आखून घेतला.

१९ फेब्रुवारी
तांब्याची तार आणायला इंदापूरला. मोजणी सारजाकडे दिली. बायको म्हणते, दिवसभर ७२, वर पोरीनं दोन भाकरी खाल्ल्या. सारजाचे मोजणे कच्चे.

२० फेब्रुवारी
मी मोजली. ९८. बघा.

२२ फेब्रुवारी, सायंकाळी
पुन्हा इंदापूर. पुन्हा ७२. निष्कर्ष : मी इंदापूरला गेलो की आमच्या डाळज गावची हवा सुधारते. कारण शोधतो आहे. सारजा म्हणाली, शोधताय कशाला, कारण हितं बनियनवर बसलंय. बाईमाणसाला आलेख कळत नाही.

२४ फेब्रुवारी
सारजाने पिशवी भरून उंबऱ्यात ठेवली. परीक्षा हुईस्तवर कळंबला वन्संकडं ऱ्हावा म्हणाली. वन्सं म्हणजे माझी थोरली बहीण कुशाबाई. पूर्ण विचारांती मीच ठरवले : देखरेख लांबूनच शास्त्रीय होते.

२६ फेब्रुवारी, कळंब
कुशाबाईची नाडी सकाळी ७६. दुपारी ९६. इथलीही हवा बिघडते आहे.

२९ फेब्रुवारी, सायं. ५.४०
पहिला पेपर झाला. एसटीडी बूथवरून शेजाऱ्यांकडे फोन लावून दिशाला बोलावले. सोपा गेला म्हणाली. नाडी किती, विचारले. मोजलीच न्हाय आप्पा, म्हणाली आणि हसली. महिन्यात पहिल्यांदा. मी घड्याळ धरले. सहा सेकंद झाले. मलाही बरे वाटले. उद्या पहिल्या एस.टी.ने घरी येऊ का, विचारले.
सातव्या सेकंदाला हसणे बंद. लाइन चालू होती.