रक्ताचा गोंद

चि. बाळ्यास आईचे आशीर्वाद.

मी धडधाकट आहे. तुझी लेकही बरी आहे म्हणायची. काल तिचा विसरलेला डबा घेऊन प्रयोगशाळेत गेले, तर बघते काय! ही शिकलेली बया खाटकाकडून आतडं आणते, त्याला भोक पाडते, वर रक्त गोठवणाऱ्या फायब्रिनचा गोंद लावते आणि पाणी सोडून टिकतंय का बघते. उद्या माणसाचं फाटलेलं आतडं असंच चिकटवायचं म्हणे.

"रक्त कुणाचं गं?"

"माझंच, आजी. दुसऱ्या कुणाला टोचत बसू?"

अरे, अंगावर मूठभर मांस नाही तिच्या! मी लगेच बाही वर सारली.

"तुझं नको. गोळ्यांनी पातळ झालंय."

सूनबाईला यातलं काही सांगू नकोस. तू मात्र मिळेल त्या गाडीने ये. तुझं रक्त तरी घट्ट आहे ना?

तुझी,
आई