पिवळा पडलेला समुद्र

मायच्या पायांवर डोकं ठेवून,

माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, हे काल मालवणच्या डॉक्टरांनी सांगितलं. घाबरू नको. तू म्हणशील, "काऊन लपवलं बे?" मलाच कळलं नव्हतं.

वर्षभर माझ्या चित्रांतला समुद्र पिवळा होत गेला. मला वाटलं, आपल्या उंद्रीच्या शेतातलं पिकलेलं सोयाबीन आठवतंय, म्हणून हात तसा चालतो. शेवटी शेजारची मासे विकणारी मावशी हसली, "पेंटरानू, ह्यो दर्यो न्हय, डाळ आसा!" म्हणून डॉक्टरांकडे गेलो; मोतीबिंदूनं निळंसुद्धा पिवळट दिसतं म्हणे.

तीस वर्षं समुद्रच काढला, माय. आता थकलोय. तुझे गुडघे कसे आहेत?

गुरुवारी एका डोळ्याचं ऑपरेशन आहे. शुक्रवारी पट्टी निघाली की वर्षाची सगळी चित्रं समोर मांडीन. त्यातली किती ठेवायची, ते तेव्हा दिसेल.

तुझा कडूबा