मुलीकडच्यांनी केलेली कंपनीची चौकशी

अधारताल, जबलपूर
मंगळवार, सकाळचा चहा झाल्यावर

चि. मुरलीधर यास (पासष्टी उलटली तरी माझ्या लेखी तू चिरंजीवच) थोरल्या नीलकंठदादाचे भरभरून आशीर्वाद. सौ. शकुच्या गुडघ्यांची खुशाली कळव. मागच्या वेळी ती लसणाचं तेल चोळून पाहते म्हणाली होती. त्यानं गुडघे बरे झाले की नुसते शेजारी पळाले, तेही कळव. आम्ही इकडे ठीक. तुझी वहिनी अनसूया माझ्यावर रागावलेली आहे, म्हणजे तिची तब्येत उत्तम आहे.

तू म्हणशील, घरात तीन-तीन मोबाइल असताना दादा पत्र काहून लिहून राहिले. कारण आहे. विषय मोबाइलच्याच एका कंपनीचा आहे, न तिच्या माहितीपत्रकात पान चारवर ठळक अक्षरात छापलंय की 'आम्ही तुमचं ऐकतो'. आता जिच्याबद्दल बोलायचं तीच ऐकून राहिली, तर बोलावं कसं? म्हणून पोस्टाचं पाकीट. (ते मी खळीनं दोनदा चिकटवणार आहे. एकदाच चिकटवलेलं दिसलं तर समजून घे.)

तर झालं असं. आपली नात, दिवाकरची ज्योती, इंजिनीअर झाली हे तुला ठाऊकच आहे. तिच्या कॉलेजात ही परदेशी कंपनी आली, अर्धा तास बोलली न पोरीला पसंत करून गेली. नोकरी तुमच्या पुण्याला, उत्तर पंधरा तारखेपर्यंत द्यायचं. घरात पेढे आले. दिवाकर रेल्वेच्या ऑफिसात वाटूनही आला. मी म्हटलं, थांबा जरा. अर्ध्या तासात मुलगी पसंत करणारे लोक मला आजवर कधी रुचले नाहीत. त्यांनी आपल्याला पाहिलं, आपण त्यांना कधी पाहायचं? मला त्रेसष्ट साली इथल्या सरकारी फॅक्टरीत घेतलं, तेव्हा माझी चौकशी पार आपल्या गावी आर्वीपर्यंत गेली होती. मुलगा चालीचा कसा आहे, असं फौजदारानं शेजारच्या विठोबाला विचारलं, न त्यानं खरं ते सांगितलं की पेरू चोरतो. माझी नेमणूक दोन महिने लांबली. मी नुसती गेज लावून नटबोल्टांची मापं तपासणार होतो, तरी सरकार माझ्या पेरवापर्यंत गेलं. मग आपली पोर जिच्या हवाली करायची, त्या कंपनीचं मूळ गाव तरी आपण पाहू की नाही? ज्योतीनं लगेच मान डोलावली. म्हणाली, "आबा, तुम्ही आरामात चौकशी करा." शहाणी पोर आहे.

माहितीपत्रक मी डिक्शनरी घेऊन तीन दिवस वाचलं. माझं इंग्रजी फॅक्टरीतल्या ड्रॉइंगांवर शिकलेलं, त्यामुळे मापं नसलेलं इंग्रजी मला जड जातं, न या पुस्तकात एकही माप नाही. हुबेहूब लग्नाचा बायोडाटा. मूळ गाव शोधावं तर छत्तीस देश. मुख्य कचेरी एका देशात, कारखाने दुसऱ्यात, फोन दुरुस्त होतो तिसऱ्यात. असं एक स्थळ आपल्या बेबीताईला आलं होतं, आठवतं ना? मुलगा नागपूरचा, राहायला रायपूरला, कामाला भिलाईला, न बायको निघाली दुर्गला. पुढे स्वभाव : प्रामाणिक, मनमोकळा, सगळ्यांना सोबत घेऊन चालणारा. कुटुंब : पन्नास हजार माणसं, सारी आनंदी. मुरली, आपल्या घरात आम्ही सहा जण, पण एकाच दिवशी सहाही आनंदी असलेले मी अजून पाहिले नाहीत. अध्यक्षांचा फोटो आहे, त्यात त्यांनी बाह्या दुमडल्या आहेत. एवढ्या मोठ्या माणसाला बाह्या दुमडून असं कोणतं काम करावं लागतं? आणि फोनबद्दल तीन पानं, तर समाजसेवेबद्दल अकरा. वरपक्ष मुलाच्या नोकरीपेक्षा त्याच्या देवभक्तीवर जास्त बोलू लागला की नोकरीची चौकशी करावी, हे मी चार भाच्यांची लग्नं जमवून शिकलो आहे.

कंपनीची चूक एकच झाली. तिनं पत्ता दिला. पान अठरावर छापलंय की सिहोऱ्याजवळच्या मुलींच्या शाळेला कंपनीनं शुद्ध पाण्याचं यंत्र दिलं. फोटोत मुली ग्लास तोंडाला लावून हसून राहिल्या आहेत. पाणी पिता पिता कोण हसतं? ठसका लागेल. मी म्हटलं, चलो, हेच पाहून येऊ.

गुरुवारी सकाळच्या बसनं गेलो. अनसूयानं न कुरकुरता डबा करून दिला, तेव्हाच मला शंका यायला पाहिजे होती. स्थळाची चौकशी करतात तशीच पद्धत ठेवली : आपण कोण ते सांगायचं नाही न सुरुवात पानठेल्यापासून करायची. पानवाला म्हणाला, कंपनीवाले आले होते, फार भले लोक, शंभर समोसे माझ्या भावाकडूनच घेतले. (ही साक्ष मी धरली नाही.) शाळेच्या फाटकावर नथ्थू नावाचा शिपाई होता. त्यानं माझ्या हातातलं पत्रक पाहिलं, त्यावरचं कंपनीचं चिन्ह पाहिलं न तो आत पळाला. लगेच मोठ्या मॅडम सत्यवती दुबे बाहेर आल्या, त्यांच्या मागून खुर्ची, खुर्चीमागून चहा. चौकशी करणाऱ्याला न मागता चहा मिळाला की समजावं, कुठंतरी घोटाळा आहे. इथं घोटाळा मीच होतो. त्या मला कंपनीचा साहेब समजल्या. मी परोपरीनं सांगितलं की बाई, माझा कंपनीशी काही संबंध नाही. त्या हसल्या न नथ्थूला म्हणाल्या, "देखा, बड़े लोग ऐसे ही आते हैं, चुपचाप."

यंत्र तिथं होतं. (ते सापडलं याचं मला जरा वाईटच वाटलं.) पण चार महिन्यांपासून बंद. मला झालेला आनंद मी चेहऱ्यावर येऊ दिला नाही, फक्त डायरीत लिहिला. तक्रार का नाही केली विचारलं, तर म्हणाल्या, रोज करतो. नंबर लावला की आतली बाई सांगते हिंदीसाठी एक दाबा, मग दोन दाबा, मग गाणं लागतं, न गाणं संपायच्या आधी आमच्या फोनची बॅटरी संपते. तोवर मुली हातपंपावर. मी झाकण काढून पाहिलं. छत्तीस वर्षांची खोड, जाणार कुठं? आतला रबरी वायसर चिरला होता, एवढासा. मुरली, खरं म्हणजे पुरावा हाती आला होता. डायरी मिटून मी पहिल्या बसनं परत यायला पाहिजे होतं. पण डोळ्यांसमोर जोड गळून राहिला असताना माणूस नुसता उभा कसा राहील? नथ्थूच्या सायकलची जुनी ट्यूब मागितली, ब्लेडनं नवा वायसर कापला, अर्ध्या तासात पाणी आलं. मुलींनी रांग लावली. त्यातली एक खरोखरच ग्लास तोंडाला लावून हसली. हे मी डायरीत नाइलाजानं लिहिलंय. दुबे मॅडमनी माझा फोटो काढला न रजिस्टरात नोंद केली की कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन यंत्र दुरुस्त केलं, कंपनीची समाजसेवा वाखाणण्याजोगी आहे. खाली माझी सही न मोबाइल नंबर घेतला. म्हणजे बघ, लबाडी पकडायला गेलो न चारित्र्याचा दाखला देऊन आलो.

काल कंपनीतून फोन आला. शाळेनं माझा फोटो त्यांना पाठवला होता. एक गोड आवाजाची पोरगी विचारू लागली, "नीलकंठजी, आप हमारे किस डिपार्टमेंट में हैं?" मी म्हटलं, "बेटा, मैं लड़कीवालों की तरफ़ से हूँ." मग तिनं विचारलं की वायसर कोणत्या मापाचा टाकला, म्हणजे आम्ही तसेच आणखी पाठवू. या प्रश्नानं मात्र मी डगमगलो. लबाड माणूस माप विचारत नाही.

तरी माझं मत बदललेलं नाही. कारण ऐक. चार महिने यंत्र बंद पडलं ते ज्या कंपनीला कळलं नाही, तिला आपली पोर तापानं पडली तर कधी कळेल? पोरीनं तेव्हा कोणतं बटण दाबायचं? छत्तीस देशांतलं कोण येऊन तिच्या कपाळाला हात लावून पाहील? याचं उत्तर चौतीस पानांत कुठंच नाही. म्हणून माझा नकार पक्का समज. फक्त अन्याय नको, यासाठी तुझ्यावर एक काम सोपवतो. कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसापाशी संध्याकाळी जाऊन उभा राहा न माणसं सुटताना पाहा. एकमेकांशी बोलत निघतात की मान खाली घालून पळतात? फॅक्टरीची तब्येत सुटीच्या भोंग्याला कळते. जे दिसेल ते कळव, माझ्या नकाराला बळ येईल.

कळावे, म्हणजे जे लपवलं जाईल तेही कळावे.

तुझा सावध दादा,
नीलकंठ

ता. क. पाकीट बंद करण्याआधी पत्र अनसूयाला वाचून दाखवलं. ती सगळं ऐकून म्हणाली की ज्योतीनं होकार मागच्या महिन्यातच पाठवलाय, मी सिहोऱ्याला गेलो त्याच्या कितीतरी आधी. दिवाकरला ठाऊक, सुनेला ठाऊक, दूधवाल्यालाही ठाऊक. मी विचारलं, मग मला काहून जाऊ दिलं? म्हणाली, "तुम्ही नाही थोडंच म्हणत होते? घाबरून राहिले होते. घाबरलेल्या माणसाला काहीतरी काम द्यावं लागते." तेव्हा ऑफिसापाशी जाऊन उभं राहायचं राहू दे.

ता. क. दुसरा. ज्योती वीस तारखेला तुमच्याकडे पोचते. खोली मिळेपर्यंत तुमच्या मागच्या खोलीत राहील. खोली शोधायची तू फार घाई करू नको. तिला पोळीवर तूप लागतं पण ती मागत नाही, हे शकुला सांगून ठेव. न कपाळाला हात तुम्हीच लावून पाहत जा, ताप नसला तरी.

ता. क. तिसरा. ही कंपनी दिवाळीला किती दिवस सोडते, ते ज्योतीकडून सहज बोलता बोलता काढून घे. मी विचारलं असं सांगू नको. अनसूयानं विचारायला लावलं असंही सांगू नको. तीन दिवस असतील तर दोन जाण्या-येण्यातच जातील. तसं असेल तर आम्हाला कळवू नको. आम्ही दोघं पाच धरून बसलो आहोत.