सुमनची कोरफड

लातूर, मंगळवार, दिवेलागणीला

उद्या सुमन देगलूरहून परत येणार आणि तिची कोरफड बुडापासून सडलीय. तिच्या क्लासला सुट्टी लागली तेव्हा कुंडी माझ्या खोलीवर ठेवून गावी गेली. मी रोज तांब्याभर पाणी घातलं. कॉलेज सोडलेल्याच्या हाती दुसरं कोण काय सोपवतंय?

घरमालकीण चाची म्हणाल्या, "पाजून पाजून मारलीस की रे. माझ्या दारावरची बघ, भूकंपापासून उलटी टांगलीय. थेंब न्हाई दिला, तरी जित्ती हाय."

मी रागानं तांब्या आपटला. मग सडका भाग कापून उरलेली दाराला टांगली.

सुमनलाही रोज बूथवरून फोन करतोय. काल म्हणाली, "रोज नको करत जाऊ." मीच चिडून फोन ठेवला.

आज बूथवर गेलो नाही. पण हात सारखा तांब्याकडे जातोय.